किल्लीचं जेवण

नोटीस कुरडयांच्या डब्यात होती, आणि ती तिथे आहे हे घरात एकट्या कुसाबाईला ठाऊक होतं. सत्तावीस जानेवारीला शेखरने घर सोडण्याची ती नोटीस ऑफिसातून टाइप करून आणली, आईपुढे ठेवली आणि कुठे सही करायची ते बोटाने दाखवलं. यजमान खंडेराव गेल्यापासून भाड्याचा करार कुसाबाईच्याच नावावर होता. "आज आहेत उद्या नाहीत, या नोकरीवाल्या पोरांशी काय करार करायचा, मी बाईशीच करणार," असं घरमालकीण श्यामलाबाईंनी तेव्हाच सांगून टाकलं होतं. कुसाबाईने चष्मा लावून एकेक अक्षर जुळवत सही केली आणि म्हणाली, "मीच नेऊन देते. एवढी वर्षं त्यांच्या घरात राह्यलो, पोष्टानं कशाला धाडायची?" कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. शेखरला तर सुटल्यासारखंच झालं. कागद घेऊन ती जिना उतरली, श्यामलाबाईंकडे अर्धा तास बसली, चहा प्यायली, आणि कागद तसाच पदराआड घेऊन वर आली.

उद्या देऊ, असं तिने मनाशी ठरवलं होतं, अगदी खरंच ठरवलं होतं. पण उद्याला श्यामलाबाईंचा गुडघा दुखत होता, परवा त्यांच्या पुण्याच्या मुलाचा, आल्हादचा फोन आला नव्हता म्हणून त्या उदास होत्या, आणि तेरवा कुसाबाईलाच वाटलं की आज राहू दे. म्हणता म्हणता जानेवारी सरला. करारात स्वच्छ लिहिलं होतं: ज्याला पुढे चालवायचं नसेल त्याने मुदत संपण्याच्या तीस दिवस आधी लेखी कळवावं, नाहीतर ठरल्या दिवशी नवा करार करावा. ती तारीख टळल्यावर कुसाबाईच्या मनात एक निराळाच विचार डोकावला. नोटीस गेली नाही म्हणजे करार होणार. करार झाला म्हणजे आपल्याला इथून हलता येणार नाही. पोरांनी जावं त्यांच्या पाथर्डी फाट्याच्या सातव्या मजल्यावरच्या नव्या फ्लॅटात, खुशाल जावं. आपण इथेच.

आज फेब्रुवारीची शेवटची तारीख होती, म्हणजे किल्लीचं जेवण होतं. कुसाबाईने डबा उघडला, कागद काढला आणि घडी करून कनवटीला खोचला. का खोचला ते तिलाही सांगता आलं नसतं. घरात ठेवून जाववेना, इतकंच.

किल्लीच्या जेवणाची भानगड बाहेरच्यांना समजावून सांगताना कुसाबाईच्या घरची देवरे मंडळी नेहमी हसायची. श्यामलाबाईंचे यजमान बाळाजीपंत हयातभर एका वकिलाकडे कारकून होते, आणि दुसऱ्यांची भांडणं फायलींत लावून लावून त्यांचा कुणावर विश्वास म्हणून उरला नव्हता. भाडेकरू सलग राहिला की जागेवर हक्क सांगतो, या धास्तीने त्यांनी नियम काढला: अकरा महिन्यांची मुदत संपली की त्या दिवशी बिऱ्हाडाने घराबाहेर पडायचं, दाराला मालकाचं कुलूप लागायचं, आणि चार तासांनी नव्या कराराच्या सह्या झाल्यावर किल्ली परत मिळायची. खंडेराव रिटायर होऊन क्वार्टर सोडून या जेलरोडच्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आले, तेव्हा पहिल्या करारानंतर सगळं कुटुंब भर उन्हात फाटकाशी उभं राहिलेलं श्यामलाबाईंना बघवेना. त्यांनी सगळ्यांना आत बोलावून जेवायला वाढलं. त्याचीच रीत पडली. साखरभात, पुऱ्या, बटाट्याची भाजी त्यांच्याकडून, ठेचा कुसाबाईकडून. अकरा महिन्यांनी यायचं म्हणून हे जेवण दरवर्षी एक महिना अलीकडे सरकायचं. कधी आंब्याच्या दिवसांत, कधी ऐन थंडीत, आणि करोनात तर सगळे तोंडाला मास्क लावून जिन्याच्या पायऱ्यांवर ताटं घेऊन बसले होते. आजचा सत्ताविसावा करार संपत होता.

*

शेखर जिन्यात उभा राहून कुलूप लागण्याची वाट बघत होता. त्याने सातपूरच्या कंपनीतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती आणि सकाळपासून त्याचं डोकं दुखत होतं. धाकटा भाऊ संतोष नुकताच सटाण्याहून रांगड्या कांद्याची अर्धी गोणी घेऊन आला होता. तिथे एका आडत्याकडे तो कामाला होता. किल्लीचं जेवण तो चुकवायचा नाही.

"श्यामलाकाकू काही बोलल्या का रे?" संतोषने हळूच विचारलं.

"काही नाही. पाच तारखेला मीच विचारलं, काकू, नोटीस मिळाली ना? मिळाली म्हणाल्या. बस, तेवढंच. त्यानंतर एक शब्द नाही. रोज जाता-येता वेदिकाला हाक मारतात, उज्वलाला कढीपत्ता देतात. मला तर समोर जायची लाज वाटते."

"लाज कसली? मुदत संपली का करार आपोआप संपतो. नोटीस नसती दिली तरी चाललं असतं. आमच्या शेठनं गाळा असाच सोडला."

"हा गाळा नाही, संतोष."

संतोष घसा खाकरून म्हणाला, "दादा, एक आधीच सांगून ठेवतो. आई नव्या घरात रमली नाही, तर तिला सटाण्याला धाडायचं म्हणू नको. आमच्या दोन खोल्यांत आमचीच अडचण होते. तिला इथंच राहायचं असंल तर राहू दे की. काय बिघडतंय?"

दोन भावांत आईची अशी वाटणी कधी सुरू झाली ते शेखरला आठवेना. भांडायचंही त्राण नव्हतं.

वरून कुसाबाई आली. हातात देवांचे टाक बांधलेलं लाल फडकं होतं. देव कुलपात कोंडायचे नाहीत, म्हणून ते दर खेपेला घराबाहेर पडायचे. मागून शेखरची बायको उज्वला दुधाचं पातेलं घेऊन, आणि शेवटी त्यांची मुलगी वेदिका. श्यामलाबाईंचं कुलूप वेदिकाने लावलं आणि किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली. गेली काही वर्षं हे काम तिच्याकडेच असायचं.

"चला," कुसाबाई म्हणाली. तिचा चेहरा शेखरला जरा जास्तच शांत वाटला.

*

खाली स्वयंपाकघरात उज्वला पुऱ्या तळत होती आणि श्यामलाबाई स्टुलावर बसून लाटत होत्या. या घरात सून म्हणून येऊन उज्वलाला बावीस वर्षं झाली होती. बावीस वर्षांत तिने भिंतीला एक खिळा ठोकला नव्हता, कारण करारात तसं कलम होतं. लग्नाचा फोटो अजून कपाटावर टेकवलेला होता. पाहुणे तीन दिवसांवर राहिले की काकूंना सांगायचं, नळाचा वॉशर बदलायचा तर काकूंना विचारायचं. काकू कधी नाही म्हणाल्या नव्हत्या. पण विचारावं लागायचंच. आणि तरी आज त्यांच्या शेजारी उभं राहताना तिचं तोंड उघडत नव्हतं.

शेवटी तिने सांगितलंच. "काकू, दहा मार्चला वास्तुशांत आहे. तुम्हाला न्यायला शेखर गाडी घेऊन येतील."

"येईन हो. लिफ्ट आहे ना?"

"आहे."

"मग येईन." श्यामलाबाईंनी पुरी उलटून पाहिली. "उज्वला, स्वयंपाकघराला खिडकी कोणत्या बाजूला आहे?"

"पूर्वेला."

"छान. पहिल्या दिवशीच हव्या तिथे खिळे ठोकून घे. नंतर राहून जातं."

उज्वलाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने झारा जरा जोरातच आपटला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. रागावलेल्या माणसाला सोडून जाणं सोपं असतं.

*

पानं मांडली. साखरभात वाढला. पहिला घास घ्यायच्या आधीच कुसाबाई म्हणाली, "जेवणाआधी एक सांगायचंय. मग मला अन्न ग्वाड लागंल."

सगळ्यांचे हात थांबले.

"नोटीस मी दिलीच नाय."

शेखरला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "म्हणजे?"

"म्हणजे दिली नाय. माझ्यापाशीच हाय. तीस दिवस आधी कळवलं नाय, म्हंजे आज नवा करार व्हायला पायजे. करारात तसंच लिव्हलंय. करार माझ्या नावावर हाय, सही मी करनार. तुम्ही जा तुमच्या घरी, माझी काय ना नाय. मी इथं राहते. माझी पेन्शन हाय, मला कुनाचं काय नको."

"आई, अहो काय बोलताय!" उज्वला उभीच राहिली. "तिकडे तुमची खोली तयार केली. रंग तुम्हाला विचारून दिला."

"मला रंग इचारला. जायचं का, ते नाय इचारलं कुनी."

ते खरंच होतं. फ्लॅट बुक करताना सगळ्यांनी सगळ्यांना विचारलं होतं, कुसाबाईला मात्र बातमी दिली होती.

"मी म्हणतो, राहू दे ना मग," संतोष म्हणाला. "हट्ट कशाला करायचा? खाली काकू, वर आई. एकमेकींना सोबत होईल."

"तुम्ही बोलूच नका, भाऊजी," उज्वलाचा बांध फुटला. "आई इथे राहिल्या की तुमच्याकडे येण्याचा प्रश्न मिटला, म्हणून तुम्हाला सोयीचं आहे. दुखलं-खुपलं तर पाथर्डी फाट्यावरून जेलरोडला धावायचं कुणी? मी!"

"उज्वला, जरा हळू," शेखर म्हणाला.

"बावीस वर्षं हळूच बोलतेय!"

"पाह्यलं?" कुसाबाई म्हणाली. "म्हनून मी कुनाच्या घरी जात नाय. माले नही जानं. हे माझं घर हाय. शेखरचे बाबा याच घरातून गेले. तुम्हाला तिकडं सात मजले वर हवा लागते, मला इथं माणसं लागतात. वेदू, तू सांग यांना. तू तर माझ्या बाजूची ना?"

वेदिका खाली मान घालून बसली होती. लहानपणापासून ती आजीच्या बाजूची होती. आजीच्या गोळ्या, आजीचा मोबाइल, आजीची गुपितं, सगळं तिच्याकडे असायचं. तिने ताटातला भात एका कडेला सारला.

"आजी, तू दिवाळीपासून जिन्यात दोनदा पडलीस," ती म्हणाली.

कुसाबाईने तिच्याकडे असं पाहिलं की वेदिकाला बोललेलं परत घ्यावंसं वाटलं. पण तिने घेतलं नाही. "मला शपथ घातली होतीस म्हणून सांगितलं नाही. दुसऱ्यांदा तू वीस मिनिटं पायरीवर बसून होतीस. कॉलेजमधून मी आले म्हणून उठलीस. मी नसले तर?"

"पडले म्हंजे काय? घसरले जराशी."

"आई, दोनदा?" शेखर एवढंच म्हणाला. त्याला आता आईचा राग येत नव्हता, तिची दया येत होती, आणि हे जास्त वाईट आहे हे त्याला कळत होतं.

कुसाबाईने सगळ्यांवरून नजर फिरवली. थोरला गेला, सून गेली, नातही गेली. धाकटा बाजूने होता, पण तो कशासाठी, ते एव्हाना सगळ्यांनाच कळलं होतं. उरल्या श्यामलाबाई. त्यांच्याकडे वळून ती म्हणाली, "ताई, यांचं सोडा. तुमचं-माझं बोलू. नवा कागद आना. मी सही करते."

*

श्यामलाबाई इतका वेळ पुरीचा एक तुकडा हातात धरून बसल्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या बाईला एवढ्या आवाजांची सवय राहिली नव्हती. दुपारी चारला कुसाबाई खाली यायची, दोघी चहा घ्यायच्या, फार काही बोलायच्याही नाहीत. दिवसातलं मोठं काम म्हणजे तेच. हे त्यांना आत्ता सांगावंसं वाटत होतं, आणि ते सांगितलं तर पुढचं बोलवणार नाही हेही माहीत होतं.

"कुसाबाई, मी कागद छापलेला नाही."

"का? नोटीस तर नाय दिली मी."

"शेखरने पाच तारखेला विचारलं, मिळाली का. तेव्हा कळलं की तुम्ही लिहिलीय आणि माझ्यापर्यंत आणली नाही. मी म्हटलं, मिळाली."

"खोटं बोलल्या?"

"बोलले. आमच्या ह्यांनी ऐकलं असतं तर घरात घेतलं नसतं मला." त्या किंचित हसल्या. "मग रोज वाट बघत होते. चार वाजता तुम्ही यायच्या, मला वाटायचं, आज देतील. तुम्ही चहा पिऊन तशाच वर जायच्या. मला बरं वाटायचं, खरं सांगते. म्हटलं, आजचा दिवस गेला."

कुसाबाईचा हात कनवटीला गेला. एकाच कागदावर आपण दोघी महिनाभर बसून होतो, आणि आपल्याला वाटत होतं की आपण एकट्याच.

"मग झालं तर," ती घाईने म्हणाली. "तुम्हाला पन मी इथंच हवी हाय. छापा कागद. आज नाय तर उद्या छापा."

"नाही."

"काय नाही?"

"मी तुम्हाला एकटीला जागा देणार नाही."

पुरीचा तुकडा त्यांनी ताटात ठेवला. बोलायला लागल्यावर त्या थांबल्या नाहीत. "तीन वर्षं झाली, मी वरच्या मजल्यावर आलेली नाही. येववत नाही. कुलूप वेदूच्या हाती धाडते ते का? मी पडले तर तुम्ही खाली याल, मरत मरत याल. तुम्ही वर पडलात तर मी काय करू? जिन्याखाली उभी राहून हाका मारू? आल्हादला पुण्याला फोन लावू? तुमचा आवाज बंद झाला की मी रात्रभर वर छताकडे बघत बसायचं का? मला नाही जमायचं, कुसाबाई. पोरांचा आधार होता म्हणून आपण दोघी शहाण्या होतो. पोरं गेल्यावर तुम्हाला ठेवून घेतलं, तर तो माझा स्वार्थ होईल. मला मोह होतोय, म्हणूनच नाही म्हणते."

"मला घराभाईर काढता?"

"हो."

इतक्या वर्षांत घराबाहेर काढण्याचा शब्द दोन्ही मजल्यांवर कुणी उच्चारला नव्हता. उज्वला रडत होती. संतोषने उगाच पाण्याचा तांब्या उचलला आणि परत ठेवला. शेखरला आईजवळ जावंसं वाटलं, पण तिने हातानेच त्याला थांबवलं.

कुसाबाईला हरल्यासारखं वाटलं. आणि खरं सांगायचं तर, जिवाला जरा बरंही वाटलं. महिनाभर ती एकटीच सगळ्यांशी मनातल्या मनात भांडत होती. जिन्यात पडली तेव्हा लागलेल्यापेक्षा घाबरली जास्त होती, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. आता भांडायला कुणी उरलं नाही. पोरांनी जा म्हटलं असतं तर तिने आयुष्यभर त्यांना ऐकवलं असतं. या बाईला काय ऐकवणार?

तिने कनवटीचा कागद काढला. घडी घामाने मऊ पडली होती. ताटांवरून हात लांब करून तिने तो श्यामलाबाईंना दिला. "घ्या. देते म्हनले होते पोरांला. दिली."

श्यामलाबाईंनी चष्मा मागवला, कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, आणि शेखरचं पेन घेऊन खाली लिहिलं: 'मिळाली'. मग सही केली आणि तारीख घातली सत्तावीस जानेवारी.

"आज एकोणतीस फेब्रुवारी आहे, काकू," शेखर म्हणाला.

"मला माहीत आहे आज काय आहे ते. जेवा आता. पुऱ्या वातड झाल्या."

सगळे जेवले. कुणाला फारशी भूक नव्हती, पण साखरभात संपला. संतोषने ठेचा दोनदा मागून घेतला. हात धुतल्यावर शेखरने चाचरत विषय काढला. वास्तुशांत दहा तारखेला होती, सामान त्यानंतर हलणार होतं. करार तर आज संपला. मधले दहा दिवस कोणत्या कागदावर राहायचं? काकू म्हणतील तर छोटासा करार करू, नाहीतर—

"कागद नको," श्यामलाबाई म्हणाल्या. "दहा दिवस तुम्ही माझ्याकडे पाहुणे. वेदू, किल्ली दे बाबांना."

मंडळी उठली. उज्वलाने पातेलं घेतलं, शेखरने किल्ली घेतली, वेदिकाने देवांचं फडकं उचललं आणि आजीसाठी दारात थांबली. कुसाबाई मात्र भिंतीला पाठ टेकून बसूनच राहिली.

"आजी, चल ना. हात देऊ?"

"तुम्ही व्हा वर. माझी गोधडी आन गोळ्यांचा डबा तेवढा आनून दे खाली." मग श्यामलाबाईंकडे न बघता ती म्हणाली, "पाव्हनी म्हनून राह्यचं तर वर कशाला? दहा दिवस मी इथंच ऱ्हाते. जिना तरी चढायला नको."

शेखर काही बोलणार होता. उज्वलाने त्याचा हात धरला आणि त्याला बाहेर नेलं.

श्यामलाबाईंनी ताटं एका बाजूला सारली. इतकी वर्षं एका घरात राहून दोघी एका मजल्यावर कधी झोपल्या नव्हत्या. वर कुलूप उघडल्याचा आवाज आला, मग पावलांचा.

"घोरता का हो तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"लय घोरते."

"घोरा. मला कळेल तरी, आहात म्हणून."